खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आईवडिलांच्या सोबतीला राहताना

पंचाहत्तरी ओलांडलेली आई पहाटे घरात पडते, खुब्याचे हाड मोडते आणि एकदोन दिवसांत शस्त्रक्रिया होते. सर्जन बाहेर येऊन ‘ऑपरेशन व्यवस्थित झाले’ असे सांगतात आणि घरची मंडळी दोन दिवसांत पहिल्यांदाच निवांत चहा घेतात. आमच्या घरीही असेच झाले होते. पुढचे बारा दिवस कसे जाणार आहेत याची कल्पना तो चहा पिताना आमच्यापैकी कोणालाही नव्हती.

रुग्णालयात डॉक्टर, सिस्टर, ब्रदर, फिजिओथेरपिस्ट आणि मावशी येतात, आपापले काम करतात आणि पाळी संपली की घरी जातात. ती माणसे कितीही चांगली असली तरी पडण्यापूर्वीची तुमची आई त्यांनी पाहिलेली नसते. ती किती चालत होती, किती बोलत होती, तिला रात्री किती वेळा जाग येत होती, हे माहीत असलेली त्या खोलीतील एकमेव व्यक्ती म्हणजे सोबतीला बसलेले तुम्ही. पाय चेपणे आणि मोसंबीचा रस आणणे यांपेक्षा ही माहिती योग्य वेळी योग्य माणसाच्या कानावर घालणे हेच सोबतीचे मुख्य काम आहे, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे.

दाखल होतानाच सांगून टाकायच्या गोष्टी

भरती करताना जे विचारले जाते त्याची उत्तरे आपण देतोच. जे विचारले जात नाही ते सांगणे अधिक महत्त्वाचे असते. एका कागदावर सर्व चालू औषधे त्यांच्या मात्रेसह लिहावीत आणि त्यांत आयुर्वेदिक काढे, होमिओपॅथीच्या गोळ्या, झोपेची गोळी आणि शेजारणीने सुचवलेली गुडघेदुखीची गोळी यांचाही समावेश करावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती शेवटची कधी घेतली ते आवर्जून सांगावे. ऐकू कमी येते का, चष्मा कोणता, कवळी आहे का, अलीकडे विसरभोळेपणा वाढला होता का, हे त्याच कागदावर यावे.

एक विषय मात्र संकोचामुळे हमखास राहून जातो. आपल्याकडील अनेक आजी वर्षानुवर्षे मिश्री लावतात, तपकीर ओढतात, आणि घरात हे इतके अंगवळणी पडलेले असते की कोणाला ते व्यसन वाटतच नाही. रुग्णालयात ती मिश्री एकाएकी बंद होते आणि दुसऱ्या दिवशी चिडचिड व अस्वस्थता सुरू होते. वडील रोज संध्याकाळी मद्य घेत असतील तर ते लपवणे धोक्याचेच आहे, कारण रोजची दारू अचानक थांबल्यावर दोनतीन दिवसांत झटके येणे, थरथर सुटणे आणि गंभीर स्वरूपाचा भ्रम होणे शक्य असते. डॉक्टरांना हे आधी ठाऊक असेल तर त्यावर वेळीच उपाय करता येतात. चारचौघांत सांगणे जमत नसेल तर डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगावे, पण सांगावे.

आई ‘वातात’ जाते तेव्हा

शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या रात्री आईने मला ‘तू कोण?’ असे विचारले. नंतर तिला छतावर मुंग्या दिसू लागल्या, आणि पहाटे तीनच्या सुमारास ती सलाईनची सुई ओढून काढून घरी जायला निघाली. सकाळी तीच आई नातवाच्या परीक्षेची चौकशी करत होती. भूल मेंदूला चढली, अशी कुजबुज बाहेरच्या बाकड्यांवर सुरू झाली होती.

जुनी माणसे ज्याला ‘वातात बरळणे’ म्हणत, तीच ही अवस्था असून डॉक्टर तिला डेलिरियम म्हणतात. खुब्याच्या अस्थिभंगानंतर वयस्कर रुग्णांमध्ये ती वारंवार आढळते. स्मृतिभ्रंश महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी वाढत जातो. डेलिरियम काही तासांत किंवा एकदोन दिवसांत सुरू होतो, दिवसभरात कमीजास्त होत राहतो आणि सहसा संध्याकाळनंतर बळावतो. ज्यांना आधीपासून स्मृतिभ्रंश आहे त्यांना त्याचा धोका अधिक असतो. बहुतेकांमध्ये तो काही दिवसांत ओसरतो, काहींना पूर्ववत होण्यास आठवडे किंवा महिनेही लागतात. म्हणून त्याला वेड समजून घाबरून जाऊ नये, आणि ‘वय झाले, असे व्हायचेच’ म्हणून सोडूनही देऊ नये.

सोडून देऊ नये याचे कारण असे की, भ्रम हे बहुधा शरीरात दुसरे काहीतरी बिघडल्याचे लक्षण असते. लघवी तुंबलेली असते, मूत्रमार्गात किंवा छातीत संसर्ग झालेला असतो, रक्तातील प्राणवायू कमी झालेला असतो, चार दिवस पोट साफ झालेले नसते, वेदना दाबून ठेवलेली असते, शरीरात पाणी कमी पडलेले असते किंवा एखादे नवीन औषध मानवलेले नसते. सोडियम कमी होणे हेही वृद्धांमध्ये नेहमीचे कारण आहे. ते सर्वसाधारणपणे लिटरमागे १३५ ते १४५ मिलीमोल असावे लागते. हे निदान आपण करायचे नाही; मात्र ‘कारण शोधले का?’ हा प्रश्न आपण नक्की विचारायचा.

आरडाओरडा करणाऱ्या रुग्णाकडे सर्वांचे लक्ष जाते. याच आजाराचा दुसरा, शांत प्रकार मात्र नजरेतून सुटतो. त्यात आई दिवसभर झोपून राहते, अर्धे वाक्य बोलून डोळे मिटते, घास तोंडात तसाच धरून बसते, आणि पाळी बदलून आलेल्या सिस्टर म्हणतात, “आज आजी शांत आहेत हं.” अशा वेळी ‘बरं नाही वाटत तिला’ असे मोघम सांगून उपयोग होत नाही. “काल संध्याकाळपर्यंत आई माझ्याशी नीट बोलत होती, आज सकाळपासून एकेका शब्दात उत्तर देते आणि लगेच झोपी जाते. हे तिचे नेहमीचे वागणे नाही. डेलिरियमच्या दृष्टीने डॉक्टरांना तपासायला सांगाल का?” असे स्पष्ट सांगावे. कालचे आणि आजचे यांतील फरक तुम्हीच सांगू शकता, आणि डॉक्टरांच्या दृष्टीने नेमका तोच मोलाचा असतो.

कारणावर उपचार चालू असताना सोबत्याला बरेच काही करता येते, आणि त्यातले बरेचसे अगदी साधे आहे. चष्मा, कवळी आणि कानाचे यंत्र घरच्या कपाटात न ठेवता रुग्णालयात आणावे, कारण धूसर दिसणाऱ्या आणि अर्धवट ऐकू येणाऱ्या माणसाला परकी खोली अधिकच भीतिदायक वाटते. समोर मोठ्या आकड्यांचे घड्याळ ठेवावे, दिवसा पडदे उघडावेत, रात्री दिवे मंद करावेत. घरची गोधडी चालत असेल तर ती आणावी. संध्याकाळी ती रोज म्हणत असलेले स्तोत्र तिच्याजवळ बसून हळू आवाजात म्हणावे. आमच्या आईला रात्र कोणती आणि गाव कोणते हे कळत नव्हते, परंतु स्तोत्राची पुढची ओळ ती चुकत नव्हती.

वाद घालू नये. ‘कुठे आहेत मुंग्या? काहीतरीच काय!’ असे म्हटल्याने मुंग्या जात नाहीत, फक्त ती एकटी पडते. ‘हो हो, आत्ता मारतो मुंग्या’ असे म्हणून तिच्या भ्रमाला दुजोराही देऊ नये. “आई, तुला मुंग्या दिसताहेत, मला दिसत नाहीत. आपण दवाखान्यात आहोत, तुझ्या पायाचे ऑपरेशन झाले आहे आणि मी इथेच बसलो आहे,” एवढे दोन वाक्यांत, सावकाश, दर वेळी सारख्याच शब्दांत सांगावे. ‘मी कोण, सांग पाहू’ अशी परीक्षा येणाऱ्या प्रत्येकाने घेण्याची जी प्रथा आहे ती कटाक्षाने बंद पाडावी. नळ्या ओढू नयेत म्हणून हात बांधण्याची वेळ आली, तर ‘मी शेजारी बसून हात धरून ठेवतो, बांधल्यावाचून चालेल का?’ असे विचारून पाहावे. बांधल्याने भ्रम आणि धडपड दोन्ही वाढू शकतात, आणि माणूस जवळ असल्यास अनेकदा बांधावे लागत नाही.

वही आणि राउंड

शंभर पानी वही आणि पेन उशाशी ठेवावे. तारीख आणि वेळ घालून ताप किती होता, किती खाल्ले, लघवी किती झाली, पोट साफ झाले का, रात्री किती झोप लागली, कोणते नवीन औषध सुरू झाले आणि डॉक्टर काय म्हणाले, एवढे लिहिले तरी पुरे. रात्रीच्या पाळीला भाऊ आणि दिवसाच्या पाळीला वहिनी असेल तर एकीकडून दुसरीकडे निरोप जाताना अर्धी माहिती गळते. वहीतून ती गळत नाही.

राउंडला डॉक्टर फार थोडा वेळ थांबतात, त्यामुळे घरातील एकानेच बोलावे आणि प्रश्न आधी लिहून ठेवावेत. कालच्या तुलनेत प्रकृती कुठे सुधारली आणि कुठे घसरली, आज उपचारांत काय बदल होणार, आणि घरी सोडण्यापूर्वी कोणत्या गोष्टी जमायला हव्यात, हे तीन प्रश्न बहुतेक दिवशी पुरतात. अस्थिरोगतज्ज्ञ, फिजिशियन आणि मूत्रपिंडाचे डॉक्टर असे तिघे पाहत असतील तर अंतिम निर्णय कोणाचा हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे, अन्यथा प्रत्येकाचे म्हणणे बरोबर असते आणि आपण मधल्यामध्ये गोंधळतो. तक्रार करावी लागलीच तर ती आधी वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरकडे आणि नंतर वैद्यकीय अधीक्षकांकडे, वहीतील वेळेचा उल्लेख करून, आवाज न चढवता करावी. शेवटच्या दिवशी दिलेल्या पेढ्यांच्या पुड्यापेक्षा मधल्या एखाद्या दिवशी नाव घेऊन मानलेले आभार अधिक लक्षात राहतात, हे मी जाता जाता नमूद करतो.

अंथरुणावरचे दिवस

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर शक्यतो दुसऱ्याच दिवशी रुग्णाला बसवतात आणि वॉकर धरून उभे करतात. नातेवाइकांना हा निर्दयपणा वाटतो आणि ‘आज राहू द्या, फार थकली आहे’ असे आपण फिजिओथेरपिस्टला सांगतो. ती दया महागात पडते, कारण पडून राहिल्याने फुप्फुसात कफ साठतो, पायातील शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि पाठीला व्रण पडतात. व्यायामाची वेळ आधी कळवण्याची विनंती करावी आणि त्यापूर्वी वेदनाशामक देता येईल का हे सिस्टरना विचारावे. आपल्या आईवडिलांच्या पिढीला ‘दुखते’ म्हणणे कमीपणाचे वाटते, त्यामुळे ‘दुखतंय का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर मिळते. ‘कुशीवर वळताना किती दुखते? शून्य म्हणजे मुळीच नाही आणि दहा म्हणजे सहन होत नाही,’ असे विचारल्यास खरे उत्तर मिळते.

तीन चेंडूंचे प्लॅस्टिकचे उपकरण दिले असेल तर त्यात फुंकायचे नसून श्वास आत ओढायचा असतो. खोलीतील निम्मे लोक फुंकत असतात आणि चेंडू वर का जात नाहीत म्हणून उपकरणाला दोष देतात. जागे असताना तासाला साधारण दहा वेळा, दमल्यास मध्ये थांबून, हा व्यायाम करून घ्यावा. स्वतः होऊन वळता येत नसेल तर साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. शस्त्रक्रिया झालेला पाय कसा ठेवायचा हे सिस्टरकडून शिकून घेतल्यावाचून मात्र वळवू नये. रोज एकदा माकडहाड आणि टाचा डोळ्यांनी पाहाव्यात. बोटाने दाबूनही लाली जात नसेल तर तो व्रणाचा आरंभ असतो आणि त्याच दिवशी सांगायला हवा. लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली राहावी, ती उचलून पलंगावर ठेवू नये, आणि ‘नळी आज काढता येईल का?’ हे रोज विचारावे, कारण ती जितके दिवस राहते तितका संसर्गाचा धोका वाढतो.

खाण्याच्या बाबतीत आपले प्रेम फार उतावीळ असते. गुंगीत असलेल्या माणसाला चमच्याने पेज भरवणे धोक्याचे आहे, कारण घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. पूर्ण जागी असताना, पाठ सरळ करून बसवून, कवळी लावून, लहान घास द्यावेत आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच बसू द्यावे. शहाळ्याचे पाणी प्रत्येक पाहुणा घेऊन येतो. परंतु त्यात पोटॅशियम भरपूर असते, म्हणून मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना ते विचारल्याशिवाय देऊ नये. सोडियम कमी झाले असता काही रुग्णांना एकूण पाणीच मोजून द्यायचे असते, तेव्हा ‘पाणी पी गं भरपूर’ हा सल्लाही डॉक्टरांना विचारूनच अमलात आणावा.

एक पोटरी अचानक सुजणे व दुखणे, एकाएकी दम लागणे, छातीत दुखणे, जखमेतून पू किंवा वास येणे, थंडी वाजून ताप येणे, यांपैकी काहीही दिसल्यास पुढच्या राउंडची वाट पाहू नये; बेल दाबावी, आणि कोणी आले नाही तर स्वतः उठून जावे.

बघायला येणारे, आणि सोबत्याची झोप

आजाऱ्याला बघायला जाणे हे आपल्याकडे कर्तव्य मानले जाते आणि न गेल्यास वर्षभर ऐकून घ्यावे लागते. तरीही पहिला आठवडा दोनपेक्षा अधिक माणसे एका वेळी नसावीत, सर्दी-खोकला असलेल्यांनी येऊ नये, आणि आलेल्यांनी हात धुऊनच जवळ जावे. रोज संध्याकाळी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर चार ओळींचा वृत्तान्त टाकल्यास निम्मे फोन वाचतात. येतोच म्हणणाऱ्यांना काम सांगावे: डबा आणा, मंगळवारी दुपारी तीन तास बसा म्हणजे मी घरी जाऊन आंघोळ करून येईन. नकार ऐकून रागावणारी माणसे काम मिळाल्यावर सहसा रागावत नाहीत.

माझा भाऊ अमेरिकेत असतो आणि पहिले चार दिवस तो तिकडून केवळ सूचना करत होता. मग लक्षात आले की आपली रात्र म्हणजे त्याचा दिवस. वृत्तान्त लिहिणे, नातेवाइकांचे फोन घेणे आणि विम्याच्या कागदांचा पाठपुरावा त्याच्याकडे सोपवला, आणि रात्री आई जागी असली की तो व्हिडिओ कॉलवर तिच्याशी गावच्या गप्पा मारत असे, तेवढा वेळ मला डोळा मिटता येई. सलग दोन रात्री एकाच माणसाने जागू नये. तिसऱ्या दिवशी त्या माणसाला वहीत काय लिहिले आहे तेही समजत नाही. घरात माणसे नसतील तर बारा तासांसाठी सोबतीची बाई किंवा मामा ठेवावा, पण वही त्यांच्या हाती देऊन आणि कशावर लक्ष ठेवायचे ते सांगून.

पैशांविषयी थोडक्यात. विमा असेल तर रुग्णालयातील विमा कक्षात पहिल्याच दिवशी जावे. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे कॅशलेसची पूर्वमंजुरी एका तासात आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत मिळायला हवी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना रेशनकार्ड व आधारकार्ड दाखवून आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते का हे विचारावे. सत्तर वर्षांवरील सर्वांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाले आहे. राज्यातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. त्यासाठी तेथील समाजसेवकांना भेटावे. मेडिकलमधून आणलेली आणि न वापरलेली औषधे अनेकदा परत करता येतात, म्हणून बिले जपून ठेवावीत.

घरी नेताना

सुट्टी मिळाली की सर्वांना घरी जाण्याची घाई होते आणि सर्वांत अधिक चुका याच दुपारी होतात. डिस्चार्ज कार्ड वाचून दाखवण्याची विनंती करावी आणि तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: पूर्वीच्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या व थायरॉइडच्या गोळ्यांपैकी कोणत्या चालू ठेवायच्या, गुठळी होऊ नये म्हणून दिलेले औषध किती दिवस घ्यायचे, आणि टाके कधी काढायचे. रात्री काही झाल्यास कोणत्या क्रमांकावर फोन करायचा हेही विचारावे; दम लागणे किंवा शुद्ध हरपणे यांसाठी मात्र थेट १०८. सगळी कागदपत्रे त्या वेळी मिळाली नाहीत तर लेखी मागणी करावी. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत ती ७२ तासांत देण्याची तरतूद आहे.

खुब्याचा सांधा बदलला असेल तर काही आठवडे मांडी घालून बसणे, पायावर पाय टाकणे, खाली वाकून वस्तू उचलणे आणि भारतीय पद्धतीच्या शौचकूपावर बसणे टाळायला सांगतात. रॉड किंवा स्क्रू बसवले असतील तर पथ्य वेगळे असू शकते, म्हणून शेजारच्या खाटेवरील रुग्णाचे पथ्य आपल्या आईला लावू नये. घरी आणण्याच्या आदल्या दिवशी कमोडची खुर्ची, वॉकर, गुडघ्यापेक्षा थोडा उंच पलंग, न्हाणीघरात भिंतीला दांडे आणि रात्रीचा दिवा यांची व्यवस्था करावी. पायपुसणी आणि सतरंज्या उचलून ठेवाव्यात. आमच्या घरी आईचा पाय सतरंजीच्याच कडेला अडकला होता, आणि ती सतरंजी उचलायला आम्हाला तिच्या शस्त्रक्रियेनंतरचा नववा दिवस उजाडावा लागला.

पुढच्या तपासणीला जाताना वही सोबत न्यावी आणि एक प्रश्न तिच्यात ठळक लिहून ठेवावा: उभ्याउभ्या पडून हाड मोडले, म्हणजे हाडे ठिसूळ झाली आहेत का, आणि त्यासाठी वेगळे उपचार सुरू करायचे का? मोडलेले हाड जुळल्याच्या आनंदात हा प्रश्न विचारायचा राहतो आणि वर्षा-दोन वर्षांत दुसरा खुबा मोडू शकतो.

दोनअडीच महिन्यांनी आईने एकदा भाजी निवडताना मान वर न करता विचारले, “मी त्या रात्री काय काय बोलले रे?” भ्रमातून बाहेर आलेल्या अनेकांना तुकड्यातुकड्यांनी काहीबाही आठवत असते आणि त्याची लाज वाटत असते. मी वही आणून तिला त्या रात्रीचे पान वाचून दाखवले, सोडियमचा आकडा दाखवला आणि मुंग्या का दिसत होत्या ते सांगितले. तिने चष्मा लावून ते पान स्वतः पुन्हा एकदा वाचले आणि मग उरलेली मेथी निवडून संपवली.